पहिला पेपर पाठवण्याआधी

ताई, बीडच्या ऊसतोड मजुरांवरचं तुमचं संशोधन छापण्याजोगं आहे. घाई तेवढी नको.

आधी जर्नल, म्हणजे शोधनिबंध छापणारं नियतकालिक, निवडा. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळखक्रमांक, दर्जा नव्हे. युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य जर्नल्सची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, म्हणून ‘केअर लिस्टेड’ या जाहिरातीवर जाऊ नका. ‘चार दिवसांत छापतो, पैसे भरा’ असा मेसेज आला की सरळ डिलीट. मागचे दोन-तीन अंक वाचाच. विषय बसत नसेल तर संपादक परीक्षकांकडे न धाडताच परत करतात.

- एका वेळी एकाच जर्नलला पाठवा.
- प्रबंधाचं प्रकरण जसंच्या तसं नको. स्थलांतर, शिक्षण, आरोग्य सगळं कोंबू नका. एकच प्रश्न घ्या.
- गोषवारा शेवटी लिहा.

परीक्षकांनी दुरुस्त्या सुचवल्या म्हणजे नकार नव्हे! प्रत्येक शेऱ्याखाली काय बदललं, कोणत्या पानावर, ते लिहा. पटला नाही तर कारण द्या. इम्पॅक्ट फॅक्टरचं, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती वेळा संदर्भ येतो त्या आकड्याचं, नंतर बघू.