तुझ्या टिपणाच्या सातव्या पानाबद्दल

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

टिपण मिळालं. खासदारांच्या कार्यालयात लागून तुला महिनाही झाला नाही आणि आरोग्य, डेटा, आंतरराष्ट्रीय कर असे तीन विषय एकदम गळ्यात पडले. ते तू बारा पानांत बसवलेस, हे काही कमी नाही. पण प्रत्येक विषयाखाली 'बाजूने' आणि 'विरोधात' असे दोन रकाने, आणि दोन्हीकडे मोजून पाच-पाच मुद्दे! मला आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा आठवली. खऱ्या वादात मुद्दे असे पंगतीला बसल्यासारखे समोरासमोर बसत नाहीत.

ही चूक मीही केली आहे, म्हणून हक्कानं बोलतोय. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं स्टेंटच्या, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवायच्या जाळीदार नळीच्या, किमतीला कमाल मर्यादा घातली. औषधाचा लेप असलेला स्टेंट सरासरी लाखाच्या वर जात होता, तो २९,६०० रुपयांवर आला. साधा ७,२६० वर. मी तेव्हा वार्ताहर होतो. जुनी किंमत, नवी किंमत, मधली वजाबाकी, झाली बातमी. पुढे एका परदेशी कंपनीनं आपले काही महागडे स्टेंट इथल्या बाजारातून काढून घ्यायची परवानगी मागितली, तेव्हा ती 'दुसरी बाजू' म्हणून छापली. तुझ्यासारखेच दोन रकाने.

त्याच वर्षी माझ्या साडूची अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्जच्या दिवशी बिल घेऊन मी काउंटरवर उभा राहिलो. स्टेंटची ओळ बघितली, एकदम नियमात. मनात म्हटलं, चला, आपली बातमी घरी पोचली. मग बोट खाली सरकवत गेलो. बलून कॅथेटर, गाइड वायर, शीथ, सिरिंजा, हातमोजे, परत हातमोजे. बेरीज त्याच्या शेजाऱ्यानं आदल्या वर्षी, मर्यादा नसताना, त्याच रुग्णालयात भरली होती तेवढ्याच्याच आसपास. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "काका, सगळं एमआरपीनंच लावलंय."

पोरगा खोटं बोलत नव्हता. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासून अहवाल काढला. काही वस्तूंवर रुग्णालयांचं मार्जिन १,७३७ टक्क्यांपर्यंत होतं, आणि तरी छापील किंमत कुणी ओलांडलेली नव्हती. कारण ती छापतानाच फुगवलेली होती.

म्हणजे स्टेंटवरची मर्यादा चुकली, असं मी म्हणत नाही. मला ती आजही योग्यच वाटते. पण 'किंमत नियंत्रण असावं की नसावं' हा जो प्रश्न तू टिपणाच्या माथ्यावर घातलायस, त्याचं उत्तर घेऊन खासदार करणार काय? बिलातली एक ओळ दाबली की फुगवटा कुठल्या ओळीत सरकतो, हे त्यांना सांगता आलं पाहिजे.

आता पान सात. तिथे तू लिहिलंयस, "गूगल टॅक्स, म्हणजे बड्या परदेशी कंपन्यांवरचा ६ टक्के कर." मी पेन्सिलनं गोल केलाय. या कराचं कायद्यातलं नाव समकरण शुल्क, तो कायदा काढून पाहा. जून २०१६ पासून ऑनलाइन जाहिरातींवर हे शुल्क लागू झालं. ते कापून सरकारकडे भरायचं कुणी, तर जाहिरात देणाऱ्या इथल्या व्यावसायिकानं. आणि ते ठेवलं कुठे? प्राप्तिकर कायद्यात नाही, वित्त कायदा २०१६ च्या आठव्या प्रकरणात, वेगळं. गंमत इथेच आहे. दुहेरी करआकारणी टाळण्याचे आपले करार प्राप्तिकराला लागू होतात, आणि परदेशी कंपनीची इथे कायम आस्थापना, म्हणजे कार्यालय-शाखेसारखं कायमचं ठिकाण, नसेल तर तिच्या धंद्याच्या नफ्याला आपल्याला हात लावता येत नाही. मग हा प्राप्तिकरच नव्हे म्हटलं की करार आडवा येत नाही! हुशारी आहे, मला आवडतेही. पण समोरचाही कायदे वाचतो. २०२० मध्ये ई-कॉमर्सवर आणखी २ टक्के आले, तेही अर्थसंकल्पाच्या भाषणात नव्हते, मागाहूनच्या दुरुस्तीत आले. २३ मार्चला, देशभरच्या लॉकडाउनच्या तोंडावर, लोकसभेनं वित्त विधेयक चर्चेविना मंजूर केलं. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेनं हा कर भेदभाव करणारा ठरवला आणि पुढे जादा आयातशुल्काची तलवार टांगली. २ टक्के ऑगस्ट २०२४ मध्ये गेले, ६ टक्के एप्रिल २०२५ मध्ये.

भार कुणावर पडला, हे तू विचारलंच नाहीस. ब्रिटननं असाच २ टक्के डिजिटल कर लावला, तेव्हा नोव्हेंबर २०२० पासून गूगलनं जाहिरातदारांच्या बिलात २ टक्क्यांची वेगळी ओळ घातली. पुन्हा साडूचं बिलच.

डेटा संरक्षण कायद्याबद्दल थोडक्यात. तुझं टिपण २५० कोटींच्या दंडापाशी थांबतं. कायद्याला ४४ कलमं आहेत, शेवटचं वाच. तिथे माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(जे) बदललंय. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर सार्वजनिक कामाशी तिचा संबंध नाही, किंवा ती दिल्यानं कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला पडतो, हे दाखवावं लागे, आणि जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येत नसे. आता फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढे दोनच शब्द उरलेत. सरकार म्हणतं, व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देता येते हा कलम ८(२) मधला अपवाद तसाच आहे. खरं आहे. पण केंद्राच्या आधी, २००२ मध्ये, माहिती अधिकाराचा कायदा करणाऱ्या या राज्यात घरकुलाची यादी मागणाऱ्या माणसाला पहिल्या टेबलावर काय उत्तर मिळेल, ते तूच सांग. तुमच्या मतदारसंघातले लोक २५० कोटींचं विचारणार नाहीत, हेच विचारायला येतील.

साडूच्या बिलाची झेरॉक्स सोबत जोडली आहे, नाव खोडून. चार पानं आहेत, स्टेंटची ओळ तिसऱ्यावर. बाकीच्या ओळींपैकी आज किती वस्तूंच्या किमतीला मर्यादा आहे, ते शोधून शनिवारपर्यंत कळव. रकाने करू नकोस, बिलावरच पेन्सिलनं खुणा कर.

तुझा,
काका