7 टक्के म्हणून खातं उघडलं, मग व्याज एवढंच का?

प्रश्न : आम्ही दोघं गेल्या वर्षी पुण्याहून लंडनजवळ स्लाउला आलो. इथे कुणीतरी सांगितलं की फर्स्ट डायरेक्ट या इथल्या बँकेच्या रेग्युलर सेव्हरला, म्हणजे दरमहा बचतीच्या खात्याला, 7 टक्के मिळतात, पण ते खातं सरळ उघडता येत नाही म्हणे. नेमकं काय लागतं? आणि महिना 300 पाउंड टाकले तर वर्षाला 252 मिळतील ना?

उत्तर : नाही हो, 252 नाही, साधारण 136 पाउंड 50 पेन्स. इथेच बहुतेकांचा हिरमोड होतो, म्हणून नीट बघा, पहिल्या महिन्याच्या 300ला 12 महिने व्याज मिळतं, दुसऱ्याला 11, आणि शेवटचे 300 तर एकच महिना खात्यात असतात. आपल्याकडच्या आरडीसारखंच आहे हे, बँक फसवत नाही.

पात्रतेचं म्हणाल तर आधी त्याच बँकेचं करंट अकाउंट (इथे रोजच्या व्यवहाराचं खातं), त्यांच्या भाषेत फर्स्ट अकाउंट, लागतं आणि ते उघडताना क्रेडिट चेक, म्हणजे तुमच्या उधारी-परतफेडीच्या इतिहासाची तपासणी, होतो. तुम्ही नवीन आहात, तर पत्त्याचा पुरावा तयार ठेवा आणि मतदार यादीत नाव आधी घाला (भारतीय नागरिकांना तो हक्क आहे, कॉमनवेल्थमुळे), क्रेडिट हिस्टरी नसताना त्याची खरंच मदत होते. मग महिना 25 ते 300 पाउंडांची स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे दरमहा आपोआप पैसे वळते करायची बँकेला सूचना. मधे थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं मोडलं तर 7 टक्के गेले, साधा दर मिळतो, त्यामुळे भारतात जायच्या तिकिटांचे पैसे यात कृपा करून अडकवू नका.