नेदरलँड्सने धर्म मागे टाकला आणि तिथल्या बायका मोकळ्या झाल्या, हे कितपत खरं? कॅल्विनवादाचं, म्हणजे तिथल्या कडक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं, तिथे आज काही उरलंय का?

उरलंय. "आम्ही धर्म मागे टाकला" असं ज्या सुरात सांगतात, त्या सुरातच ते जास्त उरलंय.

मी वेंगुर्ल्याची, डच वखारीच्या पडक्या भिंती बघत वाढलेली. लग्नानंतर नेदरलँड्समधल्या ॲमस्टेलफेनला गेले आणि २०१४ साली डच भाषेच्या वर्गात बसले. तिसऱ्याच दिवशी बाईंनी पेन माझ्या मंगळसूत्राकडे रोखलं. "हे घालावंच लागतं का? इथे बायका मोकळ्या असतात, हे आधी शिका." सगळ्या वर्गासमोर. माझ्याकडे डच शब्द होते शंभर-दीडशे. गप्प बसले. ते गप्प बसणं अजून टोचतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या आजींकडे कॉफीला गेले. वय ८४. भिंतीवर वर्गाचा फोटो, मधोमध तरुण आजी, भोवती पोरं. एकेकावर बोट ठेवून नावं सांगत होत्या, सगळी पाठ. १९५३ साली त्यांचं लग्न झालं आणि शाळेने त्यांना नारळ दिला. लग्न झालेली बाई सरकारी नोकरीत नको, असा नियमच होता. १९५५ साली खासदार कॉरी तेंदेलू या बाईंनी त्याविरुद्ध ठराव आणला, तो संसदेत ४६ विरुद्ध ४४ असा कसाबसा तरला. विरोध मुख्यतः धार्मिक पक्षांचा. नवऱ्याच्या संमतीशिवाय करार करायचा हक्क विवाहितेला १९५६ च्या कायद्याने मिळाला. माझी आई जन्मली ते वर्ष! आणि एसजीपी हा कट्टर कॅल्विनवादी पक्ष संसदेत बसूनही २०१३ पर्यंत बायकांना उमेदवारी देत नव्हता.

मग हे मोकळेपण डच रक्तातलं कसं? बायकांनी भांडून मिळवलेलं ते, आता बाहेरून आलेल्यांना मोजायची फूटपट्टी झालंय. पूर्वी कॅल्विनवादी चर्चची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी होती, धर्मशिकवणीची, १२९ प्रश्न, ५२ रविवारांत वाटलेले. उत्तरं पाठ असली की माणूस आपल्यातला. आज नागरिकत्वासाठी परीक्षा आहे. सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत १८६३ साली गुलामी संपली म्हणतात, पण त्यानंतर १० वर्षं मळ्यांवर सक्तीची मजुरी चालूच होती. तेव्हाही 'तुम्ही अजून तयार नाही' हाच सूर.

तुम्ही तिकडे जाणार असाल तर कॉरी तेंदेलू हे नाव पाठ करून जा. कोणी मोकळेपणाचा धडा द्यायला लागलं की विचारा, तुमच्या आजीची नोकरी लग्नानंतर टिकली होती का? हे वाक्य मला आता डचमध्ये अस्खलित येतं.

हो, आणि हे मंगळसूत्राचं समर्थन म्हणून वाचू नका. सासरी सक्ती होतीच. त्यावर मी घरात, मराठीत भांडले, आणि २०१७ साली सासूबाईंच्या समोर बसून ते काढून ठेवलं.