दवाखान्याच्या कम्प्युटरले हात लावण्याआधी

भाऊ, तालुक्याच्या दवाखान्यासाठी सायबर सुरक्षेचं काम फुकट करून देतो म्हणतोस, लय चांगलं, पण आल्या आल्या स्कॅनिंग टूल (नेटवर्कमधल्या कमजोर जागा शोधणारं सॉफ्टवेअर) चालवू नको, आधी मोठ्या डॉक्टरसाहेबांची लेखी परवानगी घे. नवीन पोरं इथंच चुकतात, चालू मशीन बंद पडली तर पेशंट अडकते.

सुरुवातीले एवढंच पाह्य:
- बॅकअप हार्डडिस्कवर घे आणि डिस्क काढून ठेव, लावूनच ठेवली तर रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) तिलेबी लॉक करते. २०२२ मध्ये अशाच हल्ल्यानं दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले तवा कितीक दिवस कागदावर काम चाललं, म्हणून बॅकअपमधून डेटा परत येते का, ते रिस्टोर करून पाहायचंच.
- मॉनिटरवर चिकटवलेला सगळ्यांचा एकच पासवर्ड बदल. सिस्टरबाईंवर ओरडू नको, त्यांना ड्युटीत जमेल असं सांग.

हल्ला झालाच तर नेटची वायर काढ, सर्ट-इनले (सायबर हल्ले पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेले) ६ तासांत कळवावं लागते. फायरवॉलचं (नेटवरून येणारं नको ते अडवते त्याचं) नंतर पाहू.