पॅनोरमावरून मंगळावरील यानाची जागा कशी ओळखतात?

मंगळावर उतरलेल्या यानाच्या पॅनोरमात, म्हणजे चौफेर छायाचित्रात, दिसणाऱ्या टेकड्या नेमक्या कोणत्या आणि यान कोठे उभे आहे, हे पृथ्वीवर बसून कसे ठरवतात, असे आपण विचारले आहे. ४ जुलै १९९७ रोजी एरीस व्हॅलिसमध्ये उतरलेल्या ‘मार्स पाथफाइंडर’च्या उदाहरणावरून ते सांगतो, कारण तेथे हे काम फार नेटकेपणाने झाले.

जवळच्या खडकांचा यात उपयोग नसतो. छायाचित्रात भलामोठा भासणारा ‘योगी’ नावाचा खडक सुमारे एक मीटर उंचीचा होता, तर मंगळाभोवती फिरणाऱ्या व्हायकिंग ऑर्बिटरने वरून घेतलेल्या, हाताशी असलेल्या छायाचित्रांत एकेका ठिपक्यात सुमारे ४० मीटर जमीन सामावलेली होती. त्यामुळे पाहायचे ते क्षितिजाकडे. नैर्ऋत्येला सुमारे एक किलोमीटरवर ‘ट्विन पीक्स’ या जोडटेकड्या होत्या, दक्षिणेकडे एका मोठ्या विवराचा काठ दिसत होता आणि त्याखेरीज दूरवर काही उंचवटे होते.

मंगळाला पृथ्वीसारखे ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र नसल्याने होकायंत्र तेथे कुचकामी ठरते. म्हणून कॅमेऱ्याने सूर्य टिपायचा आणि त्या क्षणी तो कोणत्या दिशेला असायला हवा, या गणितावरून उत्तर दिशा ठरवायची. मग प्रत्येक खुणेचा दिशाकोन, म्हणजे उत्तरेपासूनचा कोन, मोजून नकाशावर त्या खुणेपासून उलट रेषा ओढायची. रेषा जेथे मिळतील तेथे यान. दोन रेषा कोठेतरी छेदणारच, त्यामुळे खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या रेषेची असते: ती बाजूने गेली, तर एखादी टेकडी ओळखण्यात घोटाळा झाला आहे असे समजावे. या पद्धतीत खुणांचे अंतर लागत नाही, हे बरेच आहे, कारण पाथफाइंडरच्या कॅमेऱ्याच्या दोन डोळ्यांत जेमतेम १५ सेंटीमीटरचे अंतर होते आणि तेवढ्यावरून किलोमीटरभर लांबच्या वस्तूच्या अंतराचा भरवसा देता येत नाही.

क्षितिजच सपाट असेल, तर मात्र सारे अडते. १९७६ मध्ये युटोपिया मैदानात उतरलेले व्हायकिंग-२ सुमारे ८ अंशांनी कलले होते, म्हणून त्याच्या पॅनोरमात क्षितिज लाटेसारखे वरखाली दिसते. ती लाट म्हणजे टेकड्या नव्हेत. ओळखीच्या खुणा जवळपास नसल्याने त्याची जागा अंदाजावरच राहिली, आणि मार्स रिकनिसन्स ऑर्बिटरच्या हायराइज कॅमेऱ्याने २००६ मध्ये वरून ते यानच टिपले, तेव्हा कुठे ती पक्की झाली.