मॉर्मन कादंबऱ्यांतला मुलगा प्रेम असूनही का सोडून जातो?

अमेरिकेतल्या युटाह राज्यातल्या, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या या किशोरकथांत मुलगा मुलीवर जीव लावतो आणि तरी निघून जातो, तो भित्रा म्हणून का, असं तुम्ही विचारलंय. नाही, त्याला मिशन बोलावतं. 2012 पासून मॉर्मन मुलगे 18 व्या वर्षी जाऊ शकतात, आधी वय 19 होतं. 2 वर्षं धर्मप्रसार, गाव चर्च ठरवणार, प्रेमसंबंध बंद. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत घरीसुद्धा फोन वर्षातून दोनदाच व्हायचा, नाताळ आणि मातृदिनाला.

त्यात मॉर्मन मंदिरातलं लग्न मरणानंतरही टिकतं अशी श्रद्धा, आणि ते फक्त चर्चच्या सदस्यांचंच होतं. म्हणजे मुलगी चर्चमधली नसेल तर प्रश्न सात जन्मांच्याही पुढचा! म्हणून धर्माला सरसकट खलनायक करणाऱ्या कादंबऱ्या मला पोकळ वाटतात. त्या मुलाला देवही हवा असतो आणि तीही, अगदी मनापासून. काळीज तुटतं ते तिथे.

निरोपाचा प्रसंग नीट वाचा. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. पट्टीवर 'एल्डर' ही मिशनवरच्या मुलांची उपाधी आणि आडनाव. ती ज्या नावाने त्याला हाक मारायची, ते नाव त्यावर नसतंच.