सफाईचे पैसेही द्यायचे आणि लादीही पुसायची?

तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच प्रकरण कुणीतरी परत लिहून काढलंय असं वाटलं. बुकिंगच्या साइटवरून सुट्टीपुरतं घेतलेलं घर, भाड्यात सफाईचं शुल्क आधीच घेतलेलं, आणि पोचल्यावर फ्रिजवर लॅमिनेट करून चिकटवलेली यादी: सगळ्या चादरी काढा, मशीनला लावा, ड्रायर सुरू करून मगच निघा, व्हॅक्यूम फिरवा, लादी पुसा, कचरा फाटकाबाहेर नेऊन ठेवा, आणि हे सगळं सकाळी दहाच्या आत. तुम्ही निमूटपणे सगळं केलंत, तरी दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आलाच, की बाथरूममध्ये वाळू राहिली, जादा सफाईचे पैसे भरा, नाहीतर रिव्ह्यू तसाच लिहीन. आता भरू की नको, असं तुम्ही विचारताय.

नका भरू. पण नकार कुठे आणि किती वेळात द्यायचा यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून सविस्तर लिहितेय. घर कसं निवडावं, रिव्ह्यू कसे वाचावेत यात शिरत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच. मी वकील नाही, नियम साइटप्रमाणे आणि देशाप्रमाणे बदलतात, तेव्हा तुमच्या साइटचं नियमांचं पान एकदा स्वतः वाचा. माझं म्हणणं अनुभवाचं आहे, आणि थोडं रागाचंही.

आमच्या वेळी मालक त्रासदायक होताच, पण खरा घोळ घातला साइटच्या मदत कक्षाने. साइटचं नाव लिहीत नाही. यादी पाहिल्यावर त्याच संध्याकाळी तक्रार करायला बसले. तक्रारीच्या फॉर्ममध्ये आधी कारण निवडायचं असतं: घर अस्वच्छ आहे, सांगितलेली सोय नाही, मालक उत्तर देत नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. 'पैसे घेऊन आम्हालाच कामाला लावलंय' असं कारण त्यात नव्हतंच, आणि कारण निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "मॅडम, 'स्वच्छता' निवडा, त्यातच येतं ते." निवडलं. थोड्या वेळाने उत्तर आलं, अस्वच्छतेचे फोटो पाठवा. अहो, घर लख्ख होतं! तक्रार घाणीची नव्हतीच. मी तसं लिहिलं. त्यावर उत्तर, "घर स्वच्छ असल्याचं आपण मान्य केलं आहे, त्यामुळे ही तक्रार बंद करत आहोत."

इथवर नुसती चिडचिड होती. आम्ही निघून आल्यावर मालकाने जादा सफाईचे पैसे मागितले, तेव्हा प्रकरण दुसऱ्या विभागाकडे गेलं. नवा तक्रार क्रमांक, नवा माणूस. त्याने आमची बाजू ऐकून घेतली आणि म्हणाला, "या मुक्कामात स्वच्छतेबाबत वाद असल्याची नोंद दिसते." म्हणजे त्यांनीच निवडायला लावलेलं कारण आमच्यावर उलटलं. ती तक्रार उघडून बघा तरी, म्हटलं. तर म्हणे दुसऱ्या विभागाची तक्रार आम्हाला उघडता येत नाही, फक्त शीर्षक दिसतं. मग रोज नवं नाव, रोज तेच 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो', आणि रोज पहिल्यापासून सगळी कहाणी. मालकाच्या फोटोत काय होतं ते विचारलं तर फोटो आम्हाला दाखवता येणार नाहीत. शेवटी पैसे कापले. माझ्या सासूबाईंनी स्वतः बसून टॉवेलांच्या घड्या घातल्या होत्या त्या घरात, आणि निकालाच्या ईमेलात वाक्य काय, तर 'घर अपेक्षित स्थितीत सोडलेलं नाही'. ते वाक्य मला अजून पाठ आहे.

असो. मुद्द्यावर येते.

मदत कक्षाला तुमचं म्हणणं खरं की खोटं यात फारसा रस नसतो. समोर काय लिहिलेलं दिसतंय आणि ते कधी लिहिलंय एवढंच ते बघतात. म्हणून तक्रारीच्या फॉर्मवर भिस्त ठेवू नका. मालकाशी साइटच्याच चॅटमध्ये लिहा. व्हॉट्सॲपवर नाही, फोनवर तर अजिबात नाही. मालक गोड बोलून नंबर मागतात आणि सगळं बोलणं तिकडे नेतात, मग साइटच्या नोंदीत तुमच्या बाजूचं अक्षरही उरत नाही. तुम्ही यादीचा फोटो काढलाय असं लिहिलंय, तो आधी चॅटमध्ये चढवा. घराच्या जाहिरातीचं पान आत्ता उघडा आणि ही कामं तिथे लिहिलेली आहेत का ते बघून त्याचा स्क्रीनशॉट घ्या. आत्ता म्हणजे आत्ता, कारण जाहिरात मालकाला केव्हाही बदलता येते.

मग त्याला साधं, थंड उत्तर लिहा. काहीसं असं: 'सफाईचं शुल्क बुकिंगच्या वेळीच भरलं आहे. चादरी, मशीन आणि लादीची कामं जाहिरातीत नमूद नव्हती, तरीही आम्ही ती केली. निघतानाचे फोटो सोबत आहेत. वाळूमुळे नेहमीच्या सफाईपेक्षा जास्त काय करावं लागलं ते आणि त्या दिवसाची सफाई कामगाराची पावती कृपया इथेच पाठवा. रिव्ह्यूबद्दल आपण जे लिहिलंत ते मी साइटला कळवत आहे.' यापुढे एक शब्द नको. 'आम्ही किती सज्जन माणसं आहोत' हे पटवायला जाऊ नका, तिथे कुणालाही त्याचं पडलेलं नसतं.

पावती मागायचं कारण असं, की पाहुणा गेल्यावर बाथरूम धुणं हे नेहमीच्या सफाईतच मोडतं. मोडतोड, न निघणारा डाग, घरभर पसरलेला कचरा, बंदी असताना ओढलेल्या सिगरेटचा वास, याला जादा पैसे मागितले तर मी मालकाच्या बाजूने बोलेन. मोरीच्या जाळीपाशी चार चिमट्या वाळू? तेवढ्यासाठीच तर शुल्क घेतलंय ना?

मुदतीकडे लक्ष ठेवा. एअरबीएनबी या घरं भाड्याने मिळणाऱ्या साइटचे नियम उदाहरण म्हणून सांगते, बाकी साइटचे वेगळे असतील. तिथे घरात काही गडबड असेल तर ती लक्षात आल्यापासून 72 तासांत कळवावी लागते. मालकाला नुकसानीचा दावा करायला चेकआउटपासून, म्हणजे पाहुण्याने घर सोडल्यापासून, 14 दिवस असतात, आणि दावा आल्यावर तुम्हाला उत्तराला 24 तास. त्या 24 तासांत गप्प राहिलात तर मालक प्रकरण साइटकडे नेतो, आणि गप्प बसलेल्याची बाजू तिथे कोण मांडणार? रिव्ह्यूलाही 14 दिवस, आणि दोघांनी लिहिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय एकमेकांचं दिसत नाही. म्हणजे तुमचं वाचून तो त्याचा बदलेल ही भीती तिथे तरी नको. रिव्ह्यूची धमकी देऊन पैसे मागणं नियमातच बसत नाही, तेव्हा त्याचा तो मेसेज जपून ठेवा. तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम कागद तोच आहे, वाळूवर वाद घालण्यापेक्षा त्यावर जोर द्या.

तुम्ही असंही विचारलंय, की 'आपणच जास्त अपेक्षा करतोय का?' मुळीच नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये एअरबीएनबीचे प्रमुख ब्रायन चेस्की यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की पलंगाच्या चादरी काढणं, कपडे धुणं, व्हॅक्यूम करणं असली कामं पाहुण्याला लावू नयेत. दिवे बंद करणं, उरलेलं खाणं कचऱ्यात टाकणं, दार लावणं इतपत ठीक. त्यानंतर निघतानाच्या सूचना बुकिंगच्या आधीच दिसायला लागल्या. कंपनीचा प्रमुखच असं बोलतो म्हटल्यावर तक्रारी किती साचल्या असतील बघा. माझी रेषा त्याहून किंचित पुढे आहे: भांडी विसळून ठेवावीत, ओले टॉवेल एका जागी टाकावेत, कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारावी. एवढं मी कुणी न सांगता करते. सफाईचं शुल्कच नसेल आणि कामं आधी स्पष्ट लिहिलेली असतील तर व्हॅक्यूमही फिरवीन, तो मग व्यवहार झाला. पण शुल्कही घ्यायचं आणि कामंही सांगायची म्हणजे न्हाव्याने पैसे घेऊन कात्री आपल्याच हातात द्यायची.

मालक असं का करतात? माझी मावसबहीण असंच एक घर भाड्याने देते, तिच्याकडून कळलं. पाहुणा अकराला बाहेर, दुसरा तीनला आत. मधले चार तास. घरगुती मशीनमध्ये एक लोड धुऊन वाळवायला दोन तास सहज जातात, आणि चार पलंग असतील तर लोड एकाहून जास्त. हॉटेलवाले पलंगामागे चादरींचे निदान तीन जोड ठेवतात, एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. यांनी एक नाहीतर दोन जोड घेतलेले असतात. जोड वाचवायचे, कामगाराचे तास वाचवायचे, आणि ती कसर पाहुण्याच्या सकाळीतून काढायची. बहिणीचं म्हणणं तर असं, की पाहुण्याने चादरी काढूच नयेत. गोळा करून ठेवलेल्या चादरीवरचा डाग दिसत नाही, तो तसाच धुतला जातो आणि पक्का होतो. गादीवरचं संरक्षक कव्हर राहून जातं. लहान मुलाचा मोजा, फोनची वायर त्या गोळ्यात जाते ती वेगळीच. म्हणजे जो मालक चादरी काढायला लावतो, त्याला आपला धंदाही नीट कळत नाही असं माझं स्पष्ट मत. मालक मंडळींनी राग मानू नये, किंवा मानावा.

ड्रायरबद्दल जरा गंभीरपणे. ड्रायर सुरू करून घर बंद करून निघून जाणं मला कधीच पटलं नाही. आतल्या जाळीत धाग्यांचा लगदा साचतो, आणि तो न काढणं हे ड्रायर पेटण्याचं नेहमीचं कारण आहे. ती जाळी आधीच्या पाहुण्यांपैकी कुणी साफ केली होती, देव जाणे. उद्या काही झालं तर शेवटचं बटण तुम्ही दाबलेलं असणार. यादीत लिहिलं असलं तरी हे काम करू नका, चॅटमध्ये 'सुरक्षिततेसाठी ड्रायर लावलेला नाही' एवढं लिहा आणि निघा. तेच बाथरूमच्या बाटल्यांचं. ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो श्वास कोंडायला पुरतो. अनोळखी घरात, लेबल निघालेल्या बाटल्या घेऊन घाईघाईत घासत बसायचं काम आपलं नव्हे.

पुढच्या वेळेसाठी एक हिशेब. सफाईचं शुल्क बहुतेक ठिकाणी मुक्कामामागे एकदाच असतं, रात्रीमागे नाही. ते एका रात्रीच्या भाड्याइतकं असेल तर एका रात्रीचा मुक्काम दुपटीला पडतो, आठवडाभराला तेच सातवा हिस्सा. म्हणून छोट्या मुक्कामाला मी हल्ली हॉटेलच बघते. निदान आता आकडे लपत नाहीत. अमेरिकेत 12 मे 2025 पासून नियमच आहे, की अशा मुक्कामाच्या जाहिरातीत सक्तीची सगळी शुल्कं धरून एकूण किंमत दाखवायची, आणि एअरबीएनबीने त्याच सुमाराला सगळीकडे एकूण किंमत दाखवायला सुरुवात केली. पैसे दिसतात, पण कामं? ती शोधायला मी रिव्ह्यूंमध्ये 'चादरी', 'कचरा', 'यादी' असे शब्द टाकून बघते. बुकिंगच्या आधी मालकाला एकच प्रश्न विचारते, निघताना काय काय करून जावं लागेल? उत्तर टाळलं तर घर टाळायचं.

रिव्ह्यू लिहायचा कंटाळा करू नका, आणि त्यात रागही ओतू नका. कुणी नंतर वाचून बुकिंग ठरवणार आहे, त्याला कामांची नावं हवीत: चादरी धुणे, ड्रायर, व्हॅक्यूम, लादी, वेळ सकाळी दहापर्यंत, शुल्क घेऊनही. घर चांगलं असेल तर चांगलं आहे असंही लिहा, नाहीतर मदत कक्ष 'सूडबुद्धीने लिहिलेला' म्हणून उडवायला मोकळा. आणि तक्रार करताना फॉर्मने 'स्वच्छता' निवडायला भाग पाडलंच, तर वर्णनाचं पहिलंच वाक्य असं ठेवा: 'घर स्वच्छ आहे, तक्रार जाहिरातीत न सांगितलेल्या कामांबद्दल आहे.' त्यांना फक्त शीर्षक दिसत असलं तरी तुमच्याकडे नोंद राहील.

मालकाचा मेसेज काल दुपारी आला असं लिहिलंय, म्हणजे तुमच्याकडे फार वेळ नाही. आधी त्याला चॅटमध्ये उत्तर टाका, मग साइटला. मसुदा इथे चिकटवलात तर मी झोपण्यापूर्वी बघून सांगते. फोटो टाकणार असाल तर घराचा पत्ता आणि मालकाचं नाव तेवढं झाका.